तुमच्या नावाने तहकूब

नाना, तुम्ही मंगळवारी गेलात आणि सभा गुरुवारी होती. दोन दिवस थांबता आलं नाही तुम्हाला? जन्मभर मला "थांबा बाई, जरा दमानं" म्हणत आलात, आणि स्वतःच्या वेळेला एवढी घाई! सकाळची दाढी झाली, काकी चहा घेऊन आल्या, तोवर तुम्ही खुर्चीतच मान टाकलेली. तुमच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. पहिलं काय मनात आलं सांगू? रडू नाही आलं. मनात आलं, आता अकरा नंबरचं काय होणार? मग लाज वाटली त्याची. पण खोटं कशाला बोलू, आणि तेही तुमच्याशी.

आज तुमचं तेरावं झालं. सगळे तुमच्याबद्दल फार गोड बोलले. मला गोड बोलायचं नाही. मला भांडायचंय, आणि या गावात मनसोक्त भांडावं असा माणूस एकच होता, तो तुम्ही.

अकरा नंबर कशाचा हे तुम्हाला सांगायला नको. तरी लिहून ठेवते, कारण आपल्या गावात लिहिलेलंसुद्धा विसरतात. गुरुवारच्या सर्वसाधारण सभेचा विषय क्रमांक अकरा : बाजारतळालगत जुन्या कोंडवाड्याच्या जागेवर महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणे. बस्स, एवढंच. दर रविवारी त्या बाजारतळावर आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून भाजी विकायला बायका येतात, पहाटे येतात आणि दिवे लागायला जातात. रोज सकाळी तिथल्याच नाक्यावर चाकणच्या कंपन्यांच्या बसची वाट बघत पोरी उभ्या असतात. पुरुषांना कोंडवाड्याची मागची भिंत आहे. बायकांना काय आहे? काही नाही. गावाची ग्रामपंचायत होती तेव्हा नव्हतं, नगरपरिषद झाली तरी नाही. कंपन्या आल्या, सातमजली इमारती आल्या, आणि कोंडवाड्यात गेली कित्येक वर्षं एक मोकाट जनावर बांधलेलं नाही, तरी जागा मोकळी होईना.

तर गुरुवारी काय झालं ते ऐका. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. हौसाबाई आली होती, तीच, मेथी-शेपूवाली, बाजाराच्या दिवशी पाण्याचा घोट घेत नाही म्हणून मूतखड्यानं दोनदा दवाखान्यात पडलेली. आम्ही मागच्या बाकावर बसलो. नगराध्यक्ष उठले. तुमचं नाव घेतलं. "निवृत्त मुख्य लिपिक, गावाचा चालताबोलता इतिहास, आमचे मार्गदर्शक." मार्गदर्शक! ज्या माणसाला कचेरीत खुर्ची द्यायला लागू नये म्हणून हेच मागच्या दाराने निघून जायचे, तो मार्गदर्शक. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मीही उभी राहिले, आणि खरं सांगते, तेव्हा मला रडू आलं. आणि मग ते म्हणाले, "दिवंगत नानांना आदरांजली म्हणून आजची सभा तहकूब करण्यात येत आहे."

मला आधी कळलंच नाही. हौसाबाईनं माझा हात ओढला. "बाई, संपलं का? आपलं घेतलंच न्हाई की!" खुर्च्या सरकल्या, पाच मिनिटांत सभागृह रिकामं झालं. जिन्यात एक सभासद दुसऱ्याला म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकला, "बरं झालं राव, आज त्या मुतारीवरनं वाजलंच असतं." मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं हे मी नुसतं ऐकून होते. त्या दिवशी खाताना पाहिलं.

आणि नाना, हे लोणी तुम्हीच काढून ठेवलेलं होतं. हाच माझा राग आहे.

तुम्हीच मला सांगितलं होतं. ग्रामपंचायतीच्या काळात कुणी पाटील, कुणी पुढारी गेला तरच सभा तहकूब व्हायची. मग गावाचे रस्ते झाडणारी चंद्राबाई गेली. त्या दिवशी सभा होती, आणि तुम्ही, साधे कारकून, सरपंचांना म्हणालात, "हिनं गाव तीस वर्षं झाडलं. हिच्यासाठी गाव एक दिवस थांबणार न्हाई का?" आणि सभा थांबली. चंद्राबाईसाठी! तेव्हापासून आपल्याकडे कुणीही गेलं, न्हावी, कुंभार, भाड्याच्या खोलीत राहणारा बिहारी वेल्डर, की सभा तहकूब. पंचक्रोशीत असं दुसरं गाव नाही. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. मलाही ऐकून छाती भरून यायची.

पण पुढचंही तुम्हीच हसत हसत सांगितलं होतं. हळूहळू सभासद शहाणे झाले. अडचणीचा विषय असला की सकाळपासून चौकशी सुरू, गावात कोण गेलं, कुणाचं कोण गेलं. एकदा कुणीच मिळेना तेव्हा एका सभासदाच्या सासुरवाडीची आत्या काढली. तुम्ही हसलात, मी नाही हसले. मी म्हटलं, नाना, ही रीत आता बंद करायला सांगा, ही ढाल झालीय त्यांची. तुम्ही गंभीर झालात. "बाई, माणूस गेल्यावर गावानं घटकाभर थांबावं. लबाड लोक त्यात लबाडी करतात म्हणून चांगली रीत मोडायची व्हय?" मी म्हटलं, मोडायची. तुम्ही म्हणालात, न्हाई. तो वाद तिथेच राहिला. आता सांगा, कोण बरोबर होतं? बोला की!

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात ते रहिवासी दाखल्यासाठी. लग्न होऊन लातूरकडून आलेले, नवऱ्याला इथल्या कंपनीत नोकरी, आणि तुमच्या टेबलासमोर उभी राहून मी म्हटलं, "काय करलालाव, दाखला देता का नाही?" सगळी कचेरी हसली. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "देतो, देतो. पण मराठवाडा असा अंगावर घालू नका." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आणि झाल्यावरही, माझ्या शाळेतल्या मुलांना तुम्ही दर वर्षी गाव दाखवायला न्यायचात. हा श्रमदानाने खणलेला आड, ही पहिली नळकोंडाळी, हे तालमीवरचं वाचनालय. आणि प्रत्येक कामापाशी तुमचा एक ठरलेला प्रश्न असायचा, "हे होऊ नये म्हणून कोण नडलं होतं, सांगा?" मग नाव सांगायचात. कुठलंही काम कुणी केलं हे पाटीवर असतं, म्हणायचात, नडणाऱ्याचं नाव आपण ध्यानात ठेवायचं. कुणाच्या आजोबांचं नाव निघालं की ते पोर खाली बघायचं, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचात, "तू नडू नको म्हंजे झालं."

अहो, मग या लोकांची नावं मी किती ध्यानात ठेवू? पहिल्यांदा म्हणाले, दर्शनी भागात असलं काही शोभत नाही. दर्शनी भागात काय शोभलं मग? कारंजं, जे उद्घाटनाच्या दिवशी टँकरच्या पाण्यावर उडालं आणि नंतर कधी नाही. सेल्फी पॉइंट, ज्यात गावाच्या नावातलं एक अक्षर पेटतच नाही. व्यायामाची यंत्रं, ज्यांवर भाडेकरूंच्या बायका चादरी वाळत घालतात, निदान तेवढा तरी उपयोग. दुसऱ्यांदा म्हणाले, समोर देऊळ आहे. तुम्ही म्हणालात, देवी पण बाईमाणूसच हाय. मग मधली वर्षं प्रशासक, निवडून आलेलं कुणी नाही, विचारायचं कुणाला? मग एकदा फिरतं शौचालय आणून उभं केलं, फीत कापली, फोटो काढले. त्याला कुलूप! किल्ली कुणाकडे? तुम्ही त्या वयात दर रविवारी किल्ली शोधत फिरलात. कुणी म्हणे आरोग्य विभागात, कुणी म्हणे ड्रायव्हरकडे, ड्रायव्हर देहूला लग्नाला. तीन रविवार शोधून किल्ली मिळाली तोवर गाडीच दुसरीकडे गेलेली. त्याही वेळी मी म्हटलं, चला, बायका घेऊन जाऊ आणि कचेरीला टाळं ठोकू. तुम्ही म्हणालात, "नगं. माणसं इरेला पेटली की काम बुडतं. कागद घालू. कागद हळू चालतो, पण चालतो."

मी ऐकलं तुमचं. दर वेळी ऐकलं. तुमचे अर्ज सुंदर असायचे, मान्य. "सविनय सादर" म्हणून सुरू व्हायचे आणि तिसऱ्या ओळीत चिमटा काढायचे. पण त्या सुंदर अर्जांच्या भरवशावर हौसाबाईचे केस पांढरे झाले, नाना. तिची सून आता तिच्या शेजारी कोथिंबीर घेऊन बसते, आणि तीही सकाळी पाणी पीत नाही. सासूनं सुनेला धंद्याचं पहिलं शिक्षण हे दिलंय.

हेच मी तुम्हाला त्या शेवटच्या रविवारी बोलले. तुमच्या ओसरीवर उभी राहून. विषय पत्रिकेवर आलाय म्हणून तुम्ही लहान मुलासारखे खूश होतात, गुरुवारी काय बोलायचं याची काकींपुढे तालीम चाललेली. सभेत नागरिकाला बोलता येत नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी एका सभासदाला पटवून त्याच्या तोंडून बोलायचं ठरवलं होतंत. आणि मी म्हटलं, "पत्रिकेवर यायला एवढी वर्षं लागली यात कसला आनंद? तुमच्या कागदांखाली बायका म्हाताऱ्या झाल्या." तुमचा चेहरा उतरला. काकींनी चहा आणला होता, तो न पिता मी निघाले. तुम्ही एवढंच म्हणालात, "गुरुवारी बघू, बाई."

चुकले म्हणणार नाही मी. मी बोलले ते बरोबरच होतं. पण चहा प्यायला हवा होता. पाच मिनिटं बसले असते तर काय बिघडलं असतं? तुम्ही एक माणूस होतात जो आपल्या घरची बाई त्या बाजारात बसत नसताना या कामाच्या मागे लागला, लोक "मुतारीवाले नाना" म्हणून हसायचे, पोरं हसायची, तुमचा स्वतःचा मुलगा निगडीहून फोन करून म्हणायचा की दादा, दुसरं काही समाजकार्य नाही का. तुम्ही कधी चिडला नाहीत. मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही की नाना, तुम्ही मोठे आहात. मला वाटलं, काम झालं की म्हणू. हे आता कुणाला सांगू मी?

पुढचं सांगते. शुक्रवारी नाक्यावर तुमचा फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. तुमचा फोटो एवढासा आणि खाली नगराध्यक्षांसकट सगळ्या सभासदांचे फोटो हात जोडलेले. कुठे लावला असेल? कोंडवाड्याच्या भिंतीवर. रविवारी बाजार भरला तेव्हा बायका तुमच्याखाली बसल्या होत्या.

तहकूब सभा पुढच्या बुधवारी ठेवली. दशक्रियेच्या आदल्या दिवशी. मी सकाळी काकींना भेटायला गेले तर काकी पदर खोचून तयार. म्हणाल्या, "आज सभा हाय ना? चला." मी म्हटलं, काकी, सुतक आहे, नववा दिवस आहे. तुमचा मुलगा म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील?" काकी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "लोक काय म्हणतील ते तुझा बाप आयुष्यभर ऐकत आला. मला पण ऐकू दे की थोडं." इतक्या वर्षांत ज्यांचा आवाज मी स्वयंपाकघराबाहेर ऐकला नाही, त्या काकी, नाना! तुम्ही घरात कसला दारूगोळा ठेवून होतात, तुम्हाला तरी ठाऊक होतं का?

सभागृहात काकी दिसल्यावर सगळे दचकले. मग गोड झाले. नगराध्यक्ष म्हणाले, नानांच्या स्मरणार्थ कोंडवाड्याच्या जागेवर भव्य स्वागत कमान उभारावी असं आम्ही ठरवलंय. त्याच जागेवर! आणि वर म्हणाले, गाव अजून दुखवट्यात आहे, तेव्हा एवढा एक ठराव करून बाकीचे विषय पुढच्या महिन्यात घेऊ.

काकी उभ्या राहिल्या. मुख्याधिकारी म्हणाले, ताई, नागरिकांना बोलता येणार नाही. काकी म्हणाल्या, "मी नागरिक न्हाई. ज्याच्या नावानं तुमी सभा मोडली त्याची बायको हाय. सुतक माझ्या घरात हाय, तुमच्या कचेरीला कुठलं सुतक? मी नवव्या दिवशी उठून आले, तुमाला बसल्या जागी काम करवंना व्हय? कमान नगं आमाला. कमान दिसली की ते वाकडी वाट करून जायचे. अकरा नंबर घ्या. मी हितं बसलेय."

आणि खाली बसल्या. अकरा नंबर घेतला. वाचला. एक सूचक, एक अनुमोदक. कुणी हात वर केला नाही विरोधात, त्या जिन्यातल्या माणसानंही नाही. एकमताने मंजूर. चार मिनिटं लागली, नाना. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. चार मिनिटांचं काम होतं ते, आणि तुमचा जन्म गेला त्यात. आनंद व्हायला हवा होता. मला त्या टेबलावरचे सगळे कागद भिरकावून द्यावेसे वाटले. हौसाबाई काकींच्या पाया पडायला गेली तर काकी म्हणाल्या, "अगं शिवू नको, सुतक हाय." आणि मग त्या दोघी रडायला लागल्या, आणि मी पण.

तुमची रीत मोडायची की नाही, ते मला अजून कळत नाही. चंद्राबाईला मिळालं ते तुम्हाला मिळू नये असं मला कसं वाटेल? पण तुमच्या मानापायी तुमचंच काम अडलं, हे मी माफ करणार नाही. त्यांना नाही, आणि थोडं तुम्हालाही नाही. ठराव झाला म्हणजे काम झालं असंही नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आड खणायच्या ठरावानंतर पहिली कुदळ पडायला दोन पावसाळे गेले होते म्हणे.

तर आज. तेराव्याला मंडळी आली, नगराध्यक्ष, सहा-सात सभासद, पांढरे कपडे. तुमच्या शोकप्रस्तावाची प्रत चौकटीत घालून आणलेली. काकींच्या हातात दिली, फोटो काढला. काकींनी ती माझ्याकडे दिली, म्हणाल्या वाचा. मी वाचली. "तीव्र दुःख झाले आहे" वगैरे. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काम कवा सुरू करताय?"

नगराध्यक्ष म्हणाले, "काकी, आज कशाला तो विषय? आज नानांचं तेरावं."

"बरं," काकी म्हणाल्या. "जेवा मग."

ओसरीवर पंगत बसली. स्वतः काकी वाढायला. बुंदी वाढली, आग्रह केला, नको म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक मूठ. मग पाण्याची कळशी घेतली आणि प्रत्येकाचा पेला काठोकाठ भरत गेल्या. "प्या. पोटभर प्या. आज आईतवार हाय, बाजार भरलाय. हितनं उठलात की बाजारतळावर जायचं आन् हौसाबाईच्या शेजारी बसायचं. दिवे लागायला उठायचं. कोंडवाड्याच्या भिंतीकडं जायचं न्हाई. मग मला सांगा काम कवा सुरू करताय."

नगराध्यक्षांनी तोंडाशी नेलेला पेला तसाच खाली ठेवला.